अर्ध्या वितीची राखण

मोटारसायकलच्या पुढच्या चाकाजवळ वाकून बघितलं, की दोन्ही बाजूंना एकेक चकचकीत पाइप दिसतो. वरून येणारा हा पाइप खालच्या जाड ॲल्युमिनियमच्या नळीत शिरतो. गॅरेजात त्या नळीला ‘बॉटम’ म्हणतात आणि आतल्या स्प्रिंग-ऑइलसकट सगळ्या जोडणीला ‘शॉकअप’. शॉक ॲब्सॉर्बर हा शब्द पुस्तकात राहतो, तोंडात शॉकअपच येतो. पाइप चांगला हातभर लांब असला, तरी खड्ड्यागणिक आत-बाहेर होणारा त्याचा भाग जेमतेम अर्धी वीत भरतो. ही पुस्तिका त्या अर्ध्या वितीची आहे. त्या वितीवर धूळ कुठून येते, पाणी कसं टिकतं, तिला काय घालावं आणि घातलेलं केव्हा काढून बघावं, हाच पुस्तिकेचा मुख्य विषय.

इतक्या लहान विषयावर वेगळी पुस्तिका कशाला, हे प्रस्तावनेत सांगायला हवं, आणि त्यासाठी आधी मासवणबद्दल सांगावं लागेल.

मासवण पालघर–मनोर रस्त्यावर, सूर्या नदीच्या काठी आहे. वसई-विरारला जाणारं सूर्येचं पाणी इथून उचललं जातं, म्हणून लांबच्या लोकांनी गावाचं नाव ऐकलेलं असतं. दुचाकीवाल्याच्या नजरेने पाहिलं तर हे गाव चार वेगवेगळ्या त्रासांच्या मधोमध बसलं आहे. पश्चिमेला सातपाटी, मुरबे, नांदगाव, तारापूर, चिंचणी ही किनारपट्टी. तिकडून खारा वारा आणि खाऱ्या पाण्याने निथळणारे मासळीचे क्रेट येतात. नागझरीकडे दगडखाणी आणि क्रशर; तिथली काळ्या पाषाणाची भुकटी उन्हाळाभर रस्त्यावर पसरलेली असते. बोईसरला तारापूरची औद्योगिक वसाहत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ सालच्या मूल्यमापनात ती देशातल्या औद्योगिक क्षेत्रांत सर्वाधिक प्रदूषित ठरली होती. आम्लाची वाफ असलेल्या शेडबाहेर वर्षानुवर्षं उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या क्रोमवर काय परिणाम होतो, ते तिथल्या कोणत्याही कामगाराच्या गाडीकडे पाहून कळतं. आणि चौथा त्रास म्हणजे चिखल. भातखाचरांतून पाड्यांवर जाणारे रस्ते, त्यात आता द्रुतगती मार्गाच्या कामासाठी माती वाहणारे हायवा डंपर. एका हायवातून सांडलेली माती पहिल्या सरीला रस्ताभर पसरते आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात तिचीच धूळ होते.

मीठ, दगडाची भुकटी, आम्ल आणि चिखल. शॉकअपचा पाइप खराब करायला यांतलं एकही पुरेसं आहे. इथे एकाच गाडीला एकाच आठवड्यात चारही भेटतात. सकाळी मनोरच्या बाजारात, दुपारी पालघरला कचेरीच्या कामाला, रात्रपाळीला बोईसरला, असा एखाद्या तरुणाचा साधा दिवस असतो.

मी तारापूरच्या वसाहतीत देखभाल विभागात आयुष्य काढलं. हायड्रॉलिक प्रेस, सिलिंडर, पंप, सील यांच्यातच माझे हात काळे झाले. प्रेसच्या सिलिंडरचा रॉड आणि मोटारसायकलचा पाइप ही एकाच घरातली भावंडं. दोन्ही पोलादाचे, दोन्हींवर कठीण क्रोमचा मुलामा, दोन्ही रबराच्या सीलमधून आत-बाहेर होतात. कारखान्यात धुळीच्या जागी काम करणाऱ्या रॉडवर घड्यांचं रबरी आवरण चढवलेलं असे. ते फाटलं की मी त्याच पाळीत बदलून घेत असे, कारण रॉडला एक ओरखडा गेला तर काय होतं हे मला ठाऊक होतं. मात्र त्याच कारखान्याच्या फाटकाबाहेर उभी असलेली माझी स्वतःची गाडी मी कित्येक वर्षं तशीच उघडी चालवली. एका श्रावणात, पाळी संपवून नागझरीच्या बाजूने येताना, खडी पसरलेल्या वळणावर पुढचा ब्रेक दाबला. गाडीचं नाक खाली बसलं ते उठेना, चाक खडीवर टपटप उडत गेलं आणि मी रस्त्यावर पडलो. मनगट महिनाभर प्लास्टरमध्ये होतं. सकाळी गाडी बघितली तर उजवा शॉकअप कोरडा. आतलं ऑइल बॉटमवरून ओघळून ब्रेकपर्यंत पोहोचलं होतं.

आधी दोन वेळा एका सर्व्हिस सेंटरात मी सील बदलून घेतलं होतं. तिसऱ्या वेळी मासवण नाक्यावरच्या गॅरेजात गेलो. तिथल्या मेकॅनिकने, म्हणजे या पुस्तिकेच्या लेखकाने, सीलला हातही लावला नाही. ओल्या फडक्याने पाइप पुसला, माझा हात धरून अंगठ्याचं नख पाइपवर खाली-वर फिरवलं आणि म्हणाला, “काका, अडकतंय ना? सील नाय गेलंय, पाइप गेलाय. तुम्ही सील किती वेळा बदलणार?” ज्या गोष्टीवर मी पगार घेत आलो होतो ती त्याने माझ्याच नखाने मला दाखवली. त्या दिवसापासून आमची ओळख वाढत गेली आणि तिच्यातूनच हे लिखाण उभं राहिलं. तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. तांत्रिक भाग मी तपासला, हातकामाचा भाग पूर्ण त्याचा आहे.

आता यंत्राचं थोडं. शॉकअप दणका गिळतो असं आपण म्हणतो. खरं तर दणका गिळते ती स्प्रिंग. पण गिळलेलं ती तसंच परत फेकते. नुसत्या स्प्रिंगवरची गाडी एका खड्ड्यानंतर पाच-सहा वेळा डोलत राहील. तिला शांत करायचं काम ऑइल करतं. पाइप आत जाताना आणि बाहेर येताना ऑइलला बारीक भोकांतून वाट काढावी लागते, त्या घासाघाशीत उसळीचा जोर उष्णतेत विरतो. म्हणून चाक रस्त्याला चिकटवून ठेवणारी गोष्ट म्हणजे ते ऑइल. ते कमी झालं की चाक खड्ड्यानंतर जमिनीला टेकायला उशीर करतं, आणि न टेकलेलं चाक ना वळतं ना थांबतं. माझ्या खडीवरच्या वळणात घडलं ते एवढंच.

हे तेल आत अडवून धरतं एक रबरी कडं, ऑइल सील. त्याच्या आतल्या कडेला एक पातळ ओठ असतो, ओठामागे बारीक गोल स्प्रिंग असते आणि ती ओठाला पाइपवर दाबून धरते. त्याच्यावर आणखी एक कडं असतं, डस्ट सील, बाहेरची धूळ खरवडून टाकायला. ही रचना स्वच्छ पाइपवर वर्षानुवर्षं टिकते. पण चिखल उडून पाइपवर वाळला, की पुढच्या खड्ड्याला तो वाळलेला थर सीलखाली ओढला जातो. मोठे कण डस्ट सील बाहेरच ठेवतं. बारीक भुकटी आत शिरते आणि मऊ रबरात रुतून बसते. इथे एक गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही: रबर मऊ आणि क्रोम कठीण, तरी झिजतो तो क्रोम. रबरात रुतलेला दगडाचा कण तिथेच पक्का बसतो, आणि सील म्हणजे पाइपभोवती गुंडाळलेली पॉलिश पेपरची पट्टी होऊन जाते. दर खड्ड्याला एक घासा. म्हणूनच वर्षभर धुळीतून चाललेल्या गाडीच्या पाइपवर उभ्या रेघा दिसतात, अगदी सरळ, जणू कुणी पट्टी लावून ओढल्यात.

मिठाची वाट वेगळी. कठीण क्रोमचा थर मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतका असतो आणि त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या, केसाहूनही बारीक भेगा असतात. खारं पाणी त्या भेगांतून खालच्या पोलादाला पोहोचतं. आत गंज धरतो, गंजाला जागा जास्त लागते, तो वरचा क्रोम उचलतो आणि टवका उडतो. हाच तो खड्डा, ज्यात माझं नख अडकलं. त्याची कडा पात्यासारखी धारदार असते आणि दर फेरीला सीलचा ओठ थोडा थोडा कापते. अशा पाइपवर नवं सील बसवणं म्हणजे फुटक्या कौलाखाली नवी चटई अंथरणं. गाडी पावसाळाभर अंगणात उभी राहिली तर हे जास्त होतं, कारण चालत्या गाडीचा पाइप निदान तेलाने पुसला तरी जातो. उभ्या गाडीचा, सीलच्या अगदी वरचा पट्टा ओला होतो, वाळतो, पुन्हा ओला होतो. दिवाळीला गाडी बाहेर काढली की दोन आठवड्यांत ऑइल गळायला लागतं आणि माणूस म्हणतो, गाडी चालवलीच नाही तरी बिघडली.

जुन्या गाड्यांवर हा पाइप झाकलेलाच असे, हे तरुण वाचकांना सांगायला हवं. तेलाने उसळी शांत करणारा दुर्बिणीसारखा फोर्क प्रथम विक्रीच्या गाडीवर आणला तो बीएमडब्ल्यूने, १९३५ सालच्या आर १२ वर. पुढे मद्रासला १९५५ पासून बनू लागलेली बुलेट, म्हैसूरची जावा आणि नंतरची येझदी, या सगळ्यांच्या पाइपवर पत्र्याचं नळकांडं असे. वरचा भाग पत्र्यात, खालचा बॉटममध्ये, उघडी जागा जवळजवळ नाहीच. त्या काळी रस्ते बहुतेक मातीचे होते, आणि तिथे हे झाकण कामाला येत असे. १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १०० आली, गाड्या हलक्या झाल्या, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत उघडा चमकता पाइप ही गाडीची शोभा मानली जाऊ लागली. सीलही सुधारली, हे मान्य करायला हवं. डांबरी शहरात उघडा पाइप चालून जातो. पण तीच गाडी निहे-नागझरीच्या रस्त्यावर येते तेव्हा तिच्या पाइपवरचं पत्र्याचं नळकांडं फक्त काढलेलं असतं, त्याच्या जागी काही आलेलं नसतं.

२०१२ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या, चाकणला तयार होणाऱ्या केटीएमच्या ड्यूकसारख्या गाड्यांत तर पाइप उलटा असतो. चकचकीत भाग खाली, चाकाला खेटून. तिथे कंपनीनेच समोर प्लास्टिकची ढाल दिलेली असते, कारण तिथलं गळतं तेल थेट डिस्कवर जातं. आमच्याकडची मुलं हीच ढाल ‘गाडी हलकी दिसते’ म्हणून काढून टाकतात. पुढचं मडगार्ड कापतात तेही याच हौसेपोटी. मडगार्डचा मागचा हातभर भाग चाकाने उडवलेला चिखल इंजिनपासून आणि पुढचा भाग पाइपपासून दूर ठेवतो. तो कापला की आठवड्याभरात फरक दिसतो. लेखकाने या एका गोष्टीवर पुस्तिकेत पूर्ण दोन पानं खर्ची घातली आहेत आणि मी त्यातला एक शब्दही कमी केलेला नाही.

गेल्या काही वर्षांत झाकण परत येत आहे. रॉयल एनफिल्डच्या २०१६ सालच्या हिमालयनवर घड्यांचं रबर होतं. बजाजच्या सीटी ११०एक्स सारख्या, गावाकडच्या वापरासाठी बनवलेल्या गाडीवरही ते आहे. शॉकअप बनवणाऱ्या देशातल्या मोठ्या कंपन्यांतल्या दोन महाराष्ट्रातल्या आहेत. गॅब्रिएल इंडिया १९६१ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि नाशिकला तिचा दुचाकींच्या शॉकअपचा कारखाना आहे. एन्ड्युरन्स १९८५ मध्ये औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, उभी राहिली. म्हणजे आपल्या गाडीचा शॉकअप बऱ्याचदा आपल्याच राज्यात, मराठी कामगाराच्या हातून तयार होतो. तो सांभाळायची माहिती मात्र मराठीत छापलेली सापडत नाही. गाडीबरोबर येणाऱ्या इंग्रजी पुस्तकात फोर्क ऑइलची एक ओळ असते, आणि ते पुस्तक सीटखालच्या पिशवीत ओलं होऊन जातं.

घड्यांच्या त्या रबराला दुकानात ‘बूट’ किंवा ‘शॉकअप कव्हर’ म्हणतात. लेखकाने त्याला पुस्तिकेत ‘भाता’ म्हटलं आहे, आणि मला तो शब्द फार योग्य वाटला. लोहाराच्या भात्यासारखंच ते आहे. शॉकअप दबला की घड्या मिटतात आणि आतली हवा बाहेर पडते. तो उठला की घड्या उघडतात आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. गाडी चालते तोवर भाता सारखा श्वास घेत असतो. कव्हर चांगलं की वाईट हे तो कुठून श्वास घेतो यावर ठरतं. चांगल्या भात्याला खालच्या घड्यांत बारीक भोकं असतात. ती मागच्या बाजूला आणि खाली येतील असा तो बसवायचा, म्हणजे आत आलेलं पाणी निथळतं आणि चाकाचा चिखल भोकात शिरत नाही. घाईत बसवलेला भाता फिरून भोकं पुढे आली, तर तोच भाता प्रत्येक खड्ड्याला चिखलाचं पाणी आत ओढतो आणि पाइपवर फवारतो. वरून सगळं नीटनेटकं दिसतं, आत गंज चढत असतो.

नाक्यावरच्या गॅरेजात मी हे डोळ्यांनी पाहिलं. एका गाडीचा भाता कापून काढला तर आतून चहाच्या रंगाचं पाणी पडलं आणि पाइपवर बोटाला लागण्याइतका गंज. मालक बिचारा सांगत होता, पैसे खर्चून कव्हर लावलं होतं, आता गळती कशी? कव्हर चार वर्षांत एकदाही वर सरकवलेलं नव्हतं. हे चित्र माझ्या मनातून गेलं नाही, आणि या पुस्तिकेचा मुख्य आग्रह तिथेच ठरला. कव्हर लावणं हे अर्धं काम. ते वर करून बघणं हे उरलेलं अर्धं, आणि हे दुसरं अर्धं केलं नाही तर उघडा पाइप परवडला, कारण तो निदान दिसतो.

आपल्या भागात हे समजायला अवघड जाऊ नये. कुडाच्या भिंतींना पावसाळ्याआधी झावळ्यांचा नाहीतर पेंढ्याचा आडोसा बांधतात, आणि पाऊस ओसरला की तो काढून टाकतात. का, तर आडोसा ओल धरतो आणि भिंत आतून कुजते. पावसाळाभर वापरलेलं इरलं वाळवल्याशिवाय कुणी माळ्यावर ठेवत नाही. तीच सवय गाडीला लावायची आहे.

कापडी कव्हरांबद्दल माझं मत थोडं कडक आहे. मोज्यासारखी ताणणारी, चेनची किंवा वेल्क्रोची कव्हरं मिळतात. चाक न काढता बसतात, म्हणून खपतात. कोरड्या दगडी धुळीत ती चांगली. उन्हाळ्यात क्रशरच्या रस्त्यावर रोज जाणाऱ्याने जरूर लावावीत, चेन मागच्या बाजूला ठेवून. पण पावसाळ्यात ओलं कापड पाइपभोवती दिवसभर गुंडाळून ठेवणं चूक आहे. लेखकाचा सल्ला असा, की कापडी कव्हर मिरगाच्या आधी काढावं आणि दसऱ्यानंतर लावावं. मला तो पटतो. रबरी भाता बारमाही चालतो, मात्र तो बसवायला चाक आणि पाइप उतरवावा लागतो, म्हणून सील बदलताना त्याच खर्चात बसवून घ्यावा. माप घेताना चाक हवेत लटकलेलं असलं पाहिजे, कारण पाइप तेव्हा पूर्ण बाहेर असतो. आखूड भाता पहिल्याच मोठ्या खड्ड्यात वरच्या बंदापाशी फाटतो.

गरिबाचा उपाय म्हणून लेखकाने सायकलच्या किंवा स्कूटरच्या जुन्या ट्यूबचा तुकडाही सांगितला आहे. त्याला घड्या नसतात, म्हणून तो दोन्हीकडे बांधायचा नाही. वर घट्ट बांधायचा आणि खाली बॉटमवर मोकळा, परकरासारखा सोडायचा. चिखल अडतो, पाणी निथळतं, हवा मोकळी राहते. दुकानातल्या चुकीच्या बसवलेल्या भात्यापेक्षा हा परकर कितीतरी बरा.

मागच्या शॉकअपकडे येतो. तो वेगळा विषय आहे आणि पुस्तिकेत त्याला थोडकी जागा आहे, कारण शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांचा मागचा शॉकअप उघडून दुरुस्त करायचा नसतो. गेला की जोडी बदलायची. एकच बदलला तर नवा आणि जुना यांची ताकद वेगळी पडून गाडी एका अंगाला झुकते. पण तो जाऊ नये यासाठी करण्यासारखं बरंच आहे. सातपाटीहून मासळी घेऊन येणाऱ्या गाड्या पाहा. मागे क्रेट, क्रेटमध्ये बर्फ आणि बोंबील, आणि खारं पाणी थेंब थेंब करत एकाच बाजूच्या शॉकअपवर. त्या बाजूची स्प्रिंग लालभडक आणि दुसरी बाजू अजून काळी, असा फरक वर्षात पडतो. पुढे ती स्प्रिंग मधोमध तुटते. क्रेटखाली कडा उचललेली पत्र्याची किंवा प्लास्टिकची तबकडी ठेवून तिचं पाणी नळीने चाकामागे सोडणं, एवढ्यावर हे थांबतं. काही मासळीवाल्या ताईंच्या घरच्या मुलांनी तेलाचा प्लास्टिक कॅन कापून शॉकअपला अंगरखा केलेला मी पाहिला आहे. उत्तम कल्पना, फक्त तोही खालून मोकळा हवा. संध्याकाळी गोड्या पाण्याची एक बादली मागच्या चाकावर, ते धरणाऱ्या चिमट्यावर आणि शॉकअपवर ओतली, तर त्या दिवसाचं मीठ त्या दिवशीच जातं.

धुण्याबद्दल एक इशारा. वॉशिंग सेंटरची जोराच्या पाण्याची गन सीलवर रोखली, की पाणी आणि भुकटी दोन्ही डस्ट सीलच्या आत ढकललं जातं. गाडी चकाचक घेऊन माणूस घरी येतो आणि सीलच्या आत चिखलाची पेस्ट घेऊन येतो. पाइपला साधं वाहतं पाणी आणि फडकं पुरतं. रॉकेल किंवा पेट्रोल तर नकोच, त्याने सीलचं रबर फुगतं आणि नंतर कडक होतं. धुतल्यावर पाइप कोरडा पुसून, बोटाच्या टोकावर फोर्क ऑइलचा एक थेंब घेऊन पाइपला फिरवायचा, हँडल धरून पाच-सहा वेळा गाडी दाबायची, आणि वर आलेलं काळं कडं पुसून टाकायचं. ते कडं कोरडं, मळकट असेल तर चिंता नाही, ती सीलने बाहेर काढलेली धूळ. ते रोज ओलं, चिकट दिसू लागलं तर गळती सुरू झाली.

त्यातही प्रत्येक ओलं कडं म्हणजे सील गेलं असं नाही. पुष्कळदा ओठाखाली एखादा कण अडकलेला असतो. जुन्या एक्स-रेच्या फिल्मची बोटभर पट्टी कापून, कडा घासून गुळगुळीत करून, डस्ट सील वर सरकवून ती ओठाखाली हळूच फिरवली, तर कण बाहेर येतो आणि गळती थांबते. हे काम लेखक इतक्या हलक्या हाताने करतो की बघत राहावं. त्याने पुस्तिकेत त्याच्या प्रत्येक टप्प्याचं चित्र काढून दिलं आहे. घाई करून स्क्रू ड्रायव्हर घातला तर ओठ फाटणारच.

ऑइल हा शेवटचा मोठा भाग. फोर्क ऑइल वेळच्या वेळी बदलायचं असतं हे बहुतेकांना माहीतच नाही. इंजिन ऑइल बदलतात, हे कधीच नाही. आतून निघतं ते काळं, धातूच्या चमचमत्या भुकटीचं, कुजक्या वासाचं पाणी असतं. किती किलोमीटरला बदलायचं ते गाडीच्या पुस्तकात पाहावं, आणि आपल्या रस्त्यांसाठी थोडं आधीच करावं. माप मात्र पुस्तकातलंच, दोन्ही शॉकअपांत मिलिलिटरपर्यंत सारखं. कमी पडलं तर फेस होऊन शॉकअप ठक्कन बसतो. जास्त झालं तर वरची हवेची जागा उरत नाही, दाबाने नवं सीलही बाहेर फेकलं जातं. ‘अंदाजे भरलंय’ हे वाक्य या गॅरेजात चालत नाही, आणि ते कुठेही चालू नये असं मला मनापासून वाटतं.

हे सगळं कुणासाठी लिहिलं, तेही सांगतो. पाड्यावरच्या ज्या पोरांनी हप्त्यावर गाडी घेतली आहे, त्यांच्यासाठी. त्यांच्या घरात ती एकच गाडी. तीच कंपनीच्या पाळीला जाते, तीच भाताची गोणी आणते, आणि रात्री कुणाला ताप चढला किंवा पोटुशी बाई अडली, की तीच आधी काढली जाते. त्या वेळी मागे बसलेल्या माणसाचा जीव पुढच्या चाकाच्या पकडीवर असतो. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, मुख्यालय जवळ आलं, पण पाड्यापासून नाक्यापर्यंतचा पट्टा अजून दुचाकीवरच पार होतो. त्या गाडीच्या दोन पाइपांची काळजी घेणं ही माझ्या लेखी घरातल्या माणसांचीच काळजी आहे.

आणि गॅरेजात काम शिकणाऱ्या मुलांसाठी. नाक्यावरच्या त्या गॅरेजात भिंतीला खिळ्यांवर दहा-बारा जुने पाइप टांगलेले आहेत, प्रत्येकावर तारखेची चिठ्ठी आणि गाडी कोणत्या रस्त्यावर चालायची त्याची नोंद. एक सातपाटीचा, एक क्रशरचा, एक केमिकल कंपनीच्या शेडबाहेरचा. नवा मुलगा आला की पहिल्या दिवशी त्याला पाना मिळत नाही. लेखक त्याला डोळे मिटायला सांगतो, हातात एक पाइप देतो आणि नख फिरवून विचारतो, “सांग रे, हा कुठल्या रस्त्याचा?” खड्ड्यांचा म्हणजे खारा, उभ्या रेघांचा म्हणजे क्रशरचा, खरखरीत आणि क्रोमची लकाकी गेलेला म्हणजे बोईसरचा. मी गेलो होतो त्या दिवशी पंधरा-सोळा वर्षांच्या एका मुलाने तीनपैकी तीन बरोबर सांगितले. चौथा पाइप हातात घेऊन मात्र तो बराच वेळ नख फिरवत राहिला, आणि मग म्हणाला, “दादा, याला तर काहीच नाय.” तो पाइप लेखकाच्या स्वतःच्या गाडीचा होता.